आपल्या काळासाठी नवी गाणी

(कॅनडातील मराठी मंडळाच्या डिसेंबर मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

नमस्कार मंडळी. आणि नाताळ तोंडावर आला आहे, म्हणून आमच्या घरच्या रीतीनं, जय ख्रिस्त.

मराठी ख्रिस्ती माणसांची श्रद्धा आणि आजचा काळ, असा विषय मला दिला आहे. मी अहिल्यानगरची, आमच्या तोंडी अजून नगरच. तिथं चर्चच्या आवारात वाढले. इथं आमची मराठी उपासना महिन्यातून एकदा होते, एका जुन्या चर्चच्या इमारतीत, दुपारच्या वेळी भाड्यानं. सकाळी तिथं इथल्या लोकांची उपासना असते आणि त्यांचीही बाकं बरीच रिकामी असतात.

उपासना संपली की खाली तळघरात चहा होतो आणि चहाबरोबर तेच बोलणं सुरू होतं. रविवारी मुलांची हॉकीची प्रॅक्टिस असते. मोबाइल हातातून सुटत नाही. मुलांना इंग्रजी चर्चमधली गाणी आवडतात, आपली नाहीत. घरबसल्या यूट्यूबवर उपासना पाहता येते, मग एवढ्या बर्फातून कोण येणार? मला दोन मुलं आहेत, त्यामुळे ही काळजी माझीही आहे. पण अशा बोलण्यानं एकही मूल उपासनेला परत आलेलं मी पाहिलं नाही. आमच्या आधीच्या लोकांनी आपल्या काळाला उत्तर दिलं ते काहीतरी घडवून: गाणी, पुस्तकं, वर्तमानपत्रं, शाळा. मला आज एवढंच म्हणायचं आहे, आणि त्यासाठी थोडं मागं जाते.

इंग्लंडात जन्मलेले, जेजुइट म्हणजे येशूसंघाचे धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. गोव्यात त्या काळात देवळं पाडली गेली, लोकांच्या पोथ्या काढून घेतल्या गेल्या. तो अन्याय होता आणि ख्रिस्ती माणसानं तो झाकू नये. नव्यानं ख्रिस्ती झालेले लोक पुराण ऐकत वाढलेले होते. त्यांना ऐकायला काहीच उरलं नव्हतं. स्टीफन्सनी त्यांच्यासाठी मराठीत, ओवी छंदात ख्रिस्तपुराण लिहिलं, दहा हजारांहून अधिक ओव्यांचं. १६१६ साली राचोल इथं ते रोमी लिपीत छापलं गेलं. पुढं १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेनं स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढलं. तरी ती पोथी हातानं उतरवलेल्या प्रतींमधून जगली, आणि गोवा सोडून मंगळूरकडे गेलेल्या कुटुंबांनी ती बरोबर नेली. घर सोडताना माणूस काय काय उचलतो, हे इथं बसलेल्यांना वेगळं सांगायला नको.

माझं मन मात्र रमतं रेव्हरंड नारायण वामन टिळकांपाशी. जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि पत्नी लक्ष्मीबाई, मुलगा, नातलग, सगळं एका दिवसात दूर गेलं. लक्ष्मीबाई काही वर्षांनी त्यांच्याकडे परतल्या. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. जातीचं सोवळं त्यांच्या मनातून एकदम गेलं नाही. त्यांनी स्वतःशी वाद घातला, विचार केला आणि एक दिवस ते टाकून दिलं. ही हकीकत त्यांनी स्वतःच ‘स्मृतिचित्रे’त लिहून ठेवली आहे. मराठी येणाऱ्या प्रत्येकानं ती वाचावी, मग धर्म कोणताही असो.

टिळक नगरला आले तेव्हा मराठी चर्चमधली गाणी बहुतेक इंग्रजी स्तोत्रांची भाषांतरं होती. चाली परदेशी, त्यात मराठी शब्द कोंबलेले. संतांचे अभंग ऐकत वाढलेल्या कवीला ते कसं सोसावं? आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. मग त्यांनी अभंग लिहिले, भजनं लिहिली, कीर्तनाची वाट धरली. लक्ष्मीबाई स्वतः कीर्तनाला उभ्या राहू लागल्या. आज ‘उपासना संगीत’ या आमच्या उपासनेच्या गीतांच्या पुस्तकात टिळकांच्या गीतांचा वाटा फार मोठा आहे.

हे का रुजलं, तेही पाहा. त्या वेळी खेड्यांतल्या फार थोड्या लोकांना वाचता येत होतं. अभंगाचा चरण लहान असतो. एकानं म्हणायचा, बाकीच्यांनी झेलायचा, दोन-तीन वेळा झाला की पाठ. पुस्तक लागत नाही, ऑर्गन लागत नाही. शेतावरून दमून आलेली बाई रात्री अंगणात टाळांच्या साथीनं ख्रिस्ताचं चरित्र गाऊ शकत होती. तिच्या श्रद्धेला तिच्याच गळ्यातला सूर मिळाला.

इथं एक गोष्ट मुद्दाम सांगते. मराठी ख्रिस्ती इतिहास म्हटलं की टिळक आणि पंडिता रमाबाई ही नावं येतात. दोघंही ब्राह्मण घरांतून आलेली. पण नगर जिल्ह्यातले बहुसंख्य ख्रिस्ती महार आणि मांग वस्त्यांमधून आले. माझं घर त्यांतलंच. टिळकांची भजनं या लोकांनी गळ्यात ठेवली नसती तर ती कपाटातच राहिली असती. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे अनुसूचित जातींच्या सवलती ख्रिस्ती झालेल्यांना मिळत नाहीत. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्या मिळाल्या, ख्रिस्ती बाहेरच राहिले. हे सोसून माझ्या आजी-आजोबांची पिढी श्रद्धेला धरून राहिली. आणि तरीही आमच्याच चर्चमध्ये लग्न जुळवताना हळूच जात विचारली जाते. इथं, कॅनडातसुद्धा! टाळ, अभंग, कीर्तन हे सगळं मी आनंदानं घेते. ‘हे आपलं नव्हे, हे हिंदूंचं’ असं चर्चमध्ये कोणी म्हणालं तर मी वाद घालते. पण जातीला मात्र प्रभुभोजनाच्या मेजापाशी जागा नाही. संस्कृतीतलं काय घ्यायचं आणि काय टाकायचं, हे न निवडता जो काही घडवायला बसेल, त्याच्या हातून जुनीच जखम पुन्हा उघडेल.

टिळकांनी ही निवड शेवटपर्यंत केली. १९१७ साली त्यांनी मिशनचं काम आणि पगार सोडला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला मानणारे सगळे त्यात यावेत, अशी त्यांची इच्छा होती. दोनच वर्षांत, १९१९ मध्ये ते गेले आणि ते काम तसंच राहिलं. मला त्यांच्या आयुष्यातली ही दोन वर्षं सर्वांत मोठी वाटतात. साठीच्या जवळ आलेला, नाव मिळवलेला माणूस पगार सोडून नवीन काही मांडतो! आणि त्यांचं घर आधीपासूनच असं मोकळं होतं. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात ज्या मुलाला ‘बालकवी’ ही पदवी मिळाली, तो त्र्यंबक ठोमरे पुढं नगरला टिळकांच्या घरी राहिला. तो ख्रिस्ती झाला नाही, आणि त्यावाचून त्या घरातली माया कमी झाली नाही.

आता आजच्या काळाकडे येते. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर प्रवचनांचे व्हिडिओ फिरतात. मोठा मंच, दिवे, आणि आश्वासन असं की अमुक रक्कम अर्पण करा, व्हिसा मिळेल, घर मिळेल, प्रमोशन होईल. ही सुवार्ता नव्हे, हे मी इथं उभी राहून स्पष्ट सांगते. गरजू माणसाच्या भीतीवर चाललेला तो धंदा आहे. रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली, विधवा उचलून पुण्याजवळच्या केडगावला आणल्या. रमाबाईंच्या तिथल्या मुक्ती मिशनमध्ये त्या विणायला शिकल्या, छपाई शिकल्या. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल साध्या, बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत आणलं आणि ते तिथल्याच छापखान्यात, तिथल्याच बायकांच्या हातांनी छापलं गेलं. १९२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या त्याच कामात होत्या. देवानं आशीर्वाद दिला म्हणजे काय झालं, हे मुलांना सांगायचं असेल तर मी त्यांना केडगावची गोष्ट सांगते.

इंग्रजी गाण्यांना माझा विरोध नाही. माझी मुलं इथं जन्मली, त्यांची प्रार्थना इंग्रजीत होते आणि देव ती ऐकतो. मागच्या ईस्टरला आमच्या तरुण संघानं टिळकांचा एक अभंग गिटारवर बसवला. मधली दोन कडवी त्यांनी स्वतः इंग्रजीत रचली. काही ज्येष्ठांना ते रुचलं नाही. मला फार रुचलं, कारण त्या निमित्तानं ज्यांना मराठी वाचताही येत नाही अशा मुलांना अभंगाचे चरण पाठ झाले, आणि इंग्रजी कडव्यांत त्यांनी आपल्या मनातलं लिहिलं होतं: शाळेतला एकटेपणा, आईवडिलांशी होणारी भांडणं, देव गप्प का राहतो हा प्रश्न. असं गाणं आमच्या पिढीनं त्यांच्यासाठी लिहिलं असतं का? ऑनलाइन उपासनेबद्दलही माझं असंच मत आहे. आजारी, वृद्ध, दूर राहणाऱ्या माणसांसाठी ती चालूच राहावी. पण ज्याचे पाय धड आहेत, त्यानं बर्फातून यावं. बाजूला बसलेला माणूस रडतो आहे, हे स्क्रीनवर दिसत नाही.

कैद करून बाबिलोनात नेलेल्या आपल्या लोकांना यिर्मया संदेष्ट्यानं पत्र लिहिलं. ते बायबलमधल्या त्याच्या पुस्तकाच्या २९ व्या अध्यायात आहे. घरं बांधा, मळे लावा, ज्या नगरात तुम्हाला नेलं आहे त्याचं हित पाहा आणि त्यासाठी प्रार्थना करा, असं त्यानं कळवलं. आमच्या इथल्या नगराचं हित म्हणजे काय, हे मला गेल्या हिवाळ्यात कळू लागलं. भारतातून आलेले विद्यार्थी तळघरातल्या खोल्यांत दाटीवाटीनं राहतात. दिवसा कॉलेज, रात्री गोदामात काम. दिवाळी, नाताळ कसा गेला, हे घरी खोटं सांगतात. त्यांच्यासाठी महिन्यातल्या त्या रविवारी चहाच्या जागी आम्ही जेवण सुरू केलं. वरण, भात, एक भाजी. कोणाला धर्म विचारत नाही. जे येतात त्यांत ख्रिस्ती थोडेच आहेत.

आता मंडळाकडे माझी एक मागणी आहे. आमच्या बऱ्याच भजनांच्या चाली अजून तोंडीच चालत आल्या आहेत. ‘उपासना संगीता’त शब्द छापलेले आहेत, वर कुठं कुठं रागाचं किंवा चालीचं नाव आहे, पण ती चाल कशी घ्यायची हे गाणाऱ्यांनाच ठाऊक. वसईच्या कुटुंबांकडे त्यांची लग्नाची आणि नाताळची वेगळी गाणी आहेत, त्यांच्या कादोडी बोलीतली. ती जाणणारे आजी-आजोबा इथं मुलांकडे राहायला येतात आणि सहा महिन्यांनी परत जातात. त्यांचा आवाज आपण ध्वनिमुद्रित करून ठेवूया. जानेवारीतल्या दुसऱ्या शनिवारी, दुपारी दोन वाजता, चर्चच्या तळघरात. पेटी आमच्याकडे आहे. तबला वाजवणारा आमच्यात कोणी नाही. तुमच्यात असेल त्यानं कार्यक्रमानंतर मला भेटावं.