वॉरंटीत काय बसतं?

(दृश्य: कोल्हापूरजवळची शिरोली एमआयडीसी. भट्टीतून साच्यात उतरणारा लालभडक रस.)

वितळलेलं लोखंड साच्यात ओतताना कधी कधी वायूचा एखादा बुडबुडा आतच अडकतो. धातू थंड होतो, ओतीव बाहेरून गुळगुळीत दिसतं, आत पोकळी राहते. फौंड्रीतले कामगार तिला ब्लो होल म्हणतात. मशिनिंग करताना ती उघडी पडली, तर तो भाग रिजेक्ट होऊन पुन्हा भट्टीत जातो. पण नजरेतून सुटली तर? भाग गाडीत बसतो, गाडी विकली जाते आणि काही हजार किलोमीटर झाल्यावर एके दिवशी इंजिनच्या ब्लॉकमधून कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, पाझरायला लागतं.

कारची वॉरंटी असते ती अशा दोषासाठी. मालात किंवा बनावटीत राहून गेलेली खोट निघाली, तर कंपनी तो भाग दुरुस्त करून देते किंवा बदलून देते, आणि त्याचे पैसे घेत नाही.

(दृश्य: सर्व्हिस सेंटरचा काउंटर, सकाळची गर्दी.)

"हे वॉरंटीत बसतंय काय?" या काउंटरवर सगळ्यात जास्त ऐकू येणारा प्रश्न हाच.

ब्रेक पॅड, वायपर, फिल्टर, ऑइल सहसा बसत नाहीत, कारण ते वापरानं झिजणार किंवा संपणारच. क्लच प्लेटही त्याच यादीत येते. पण ती पाच हजार किलोमीटरलाच गेली, तर "झीज आहे" एवढं ऐकून परत फिरू नका. नेमकं कारण विचारा, आणि ते लेखी मागा. टायर आणि बारा व्होल्टच्या बॅटरीची वॉरंटी बहुधा ते बनवणाऱ्या कंपनीची, वेगळी असते.

मुदतीचं गणित दोन अंगांनी चालतं. मारुती सुझुकीची मूळ वॉरंटी पूर्वी 2 वर्षं किंवा 40,000 किलोमीटर होती. जुलै 2024 पासून ती 3 वर्षं किंवा 1 लाख किलोमीटर झाली, यातलं जे आधी पूर्ण होईल ते. कोल्हापूरहून आठवड्यातून दोनदा पुण्याला जाऊन येणाऱ्या व्यापाऱ्याचे लाख किलोमीटर दोन-सव्वादोन वर्षांतच भरतात. त्याच्यासाठी तिसरं वर्ष फक्त कागदावर उरतं. वाढीव वॉरंटी घ्यायची असेल, तर त्यानं कॅलेंडरपेक्षा ओडोमीटरकडे बघून ठरवावं.

(दृश्य: ॲक्सेसरीजचं दुकान. उघडलेलं बॉनेट.)

नवी गाडी जोतिबाला जाऊन आली, की बऱ्याचदा थेट इथं येते. मोठा हॉर्न, जादा दिवे, म्युझिक सिस्टीम. आता हा हात नीट बघा. कंपनीची मूळ वायर मधेच सोललीय, तिला नवी वायर पिळून जोडलीय आणि वर काळी टेप गुंडाळलीय. दिवा लागला, काम झालं. पुढं त्याच वायरिंगमध्ये बिघाड झाला, तर सर्व्हिस सेंटरवाले आधी ही टेप शोधतात आणि दावा तिथंच अडतो. कपलरनं, म्हणजे वायर न सोलता नुसत्या खोचायच्या जोडानं, जोडता येणारी वस्तू घ्या आणि बिल जपून ठेवा.

उसाच्या फडाशेजारी गाडी लावणाऱ्यांना उंदरांनी कुरतडलेल्या वायरी नव्या नाहीत. तेही वॉरंटीबाहेर.

आणि पंचगंगेचं पाणी. 2019 आणि 2021 चा महापूर या शहरानं सोसलाय. पुरात बुडालेल्या गाडीला वॉरंटीचा आधार नसतो, तिथं विमा लागतो. पाणी ओसरल्यावर गाडी सुरू होते का, हे बघायचा मोह फार मोठा असतो. किल्ली फिरवू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, आणि पिस्टनचा कनेक्टिंग रॉड वाकतो. हे नुकसान साध्या विम्यातही बहुधा नाकारलं जातं. त्यासाठी इंजिन संरक्षणाची जादा जोड घ्यावी लागते. नदीकाठच्या पेठांत राहणाऱ्यांनी ती घ्यावीच, असं आम्हाला मनापासून वाटतं.

(दृश्य: जॉबकार्डवर लिहिणारा हात.)

आता हा कागद. गाडी आत घेताना सर्व्हिस ॲडव्हायझर जॉबकार्ड भरतो. त्यात तक्रारीचा रकाना असतो आणि घाईत तिथं "जनरल चेकअप" लिहिलं जातं. थांबवा त्याला. "सकाळी गाडी थंड असताना दुसरा गिअर टाकला की खरखर येते, महिनाभर चालू आहे," असं तुमच्या शब्दांत लिहून घ्या. तारीख आणि किलोमीटर तपासा, मगच सही करा, आणि प्रत घेऊनच बाहेर पडा. पुढच्या महिन्यात वॉरंटी संपली आणि त्यानंतर गिअरबॉक्स गेला, तर तक्रार मुदतीतली होती हे दाखवायला हाच कागद लागतो. "मी तेव्हाच बोललो होतो" याला पुरावा लागतो. ठरलेल्या वेळेची सर्व्हिस चुकवलेली नसावी, हेही याच फाईलमधून दिसतं.

इतकं करूनही नकार आला, तर तो कारणासकट लेखी घ्या. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे 1915. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार तुम्ही जिथं राहता किंवा नोकरी-धंदा करता, त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार दाखल करता येते, म्हणजे कंपनीचं मुख्यालय परराज्यात असलं तरी कोल्हापुरातच. तक्रारीचं कारण घडल्यापासून 2 वर्षांच्या आत ती करायला हवी.