दिवाळीतला मृग

नमस्कार, श्रोतेहो.

आज पावसाबद्दल बोलायचं आहे. तुमच्याकडे आत्ता पडतोय, नुसतंच आभाळ आलंय की चक्क ऊन आहे, हे मला काही माहीत नाही. तुम्ही कुठल्या गावात बसून ऐकताय त्यावर ते आहे. आजचं बोलणं तेवढंच: कुठल्या गावात, आणि कुठल्या महिन्यात.

१ जूनच्या सुमारास मोसमी वारे केरळात येतात, सात जूनच्या आसपास आपल्याकडे मृग लागतो, मग आर्द्रा, मग पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा पाऊस. हे तुम्हाला मी काय सांगायचं! पण ‘पावसाळा म्हणजे जून ते सप्टेंबर’ असं परीक्षेत लिहून आपण सगळे पास झालो ना, ते उत्तर अर्धंच होतं. हे मला शिकवलं माझ्या सासूबाईंच्या गाद्यांनी.

आमच्या ह्यांची बदली मद्रासला झाली. तेव्हा ते मद्रासच होतं, चेन्नई व्हायला अवकाश होता. मैलापूरला वरच्या मजल्यावर बिऱ्हाड केलं. घर लावून द्यायला चिपळूणहून सासूबाई आल्या. चिपळूण म्हणजे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस. तिथली बाई मे महिन्यात स्वस्थ बसेल? आल्या दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, सुरू केली. पोह्याचे पापड, सांडगी मिरची, कुळथाचं पीठ, रॉकेलचे दोन डबे भरून. गच्ची पापडांनी भरली. खालच्या घरमालकीणबाई, त्यांना आम्ही मामी म्हणायचो, रोज वर येऊन कौतुकानं बघायच्या. त्यांना मराठी येत नव्हतं, सासूबाईंना तमीळ येत नव्हतं, आणि दोघी तासन्‌तास बोलायच्या.

एक दिवस सासूबाई मला म्हणाल्या, “अगो, शाकारणीला माणूस सांगितलास का?”

म्हटलं, “आई, ह्या घराला कौलंच नाहीत. गच्चीला काय शाकारायचं?”

मृग लागला. सासूबाई गॅलरीत. आभाळ निळंशार. आर्द्रा लागल्या, तरी तेच. संध्याकाळी एखादी गडगडाटी सर यायची, ती त्यांच्या हिशेबी वळवाची. पावसात धरायच्याच नाहीत त्या. जुलैत घामानं जीव नकोसा झाला आणि घरात दोन डबे रॉकेल. शेवटी नवरात्रात त्यांनी जाहीर केलं, “ह्या वर्षी पाऊस चुकला.” छत्र्या पुसून माळ्यावर गेल्या. दसरा झाला. आता कोकणातली रीत काय? पाऊस सरला की अंथरुणं-पांघरुणं उन्हात. चार गाद्या, सहा उशा, ट्रंकेतल्या गोधड्या, सगळं गच्चीवर चढवलं. मामी खालून हात हलवून काहीतरी ओरडत होत्या. सासूबाईंनीही प्रेमानं हात हलवला.

दुपारी पाऊस आला.

तीन दिवस आला, श्रोतेहो. थांबलाच नाही. कापूस पाणी पिऊन असा जड झाला की एकेक गादी उचलायला चार माणसं लागली. मामी कपाळाला हात लावून एकच म्हणत होत्या, “ऐप्पसि! अडै मळै!” ऐप्पसि म्हणजे त्यांचा ऑक्टोबर-नोव्हेंबरमधला महिना, आणि अडै मळै म्हणजे आपली झड. आपण ‘पडतील स्वाती तर पिकतील माणिक मोती’ म्हणतो, तशी त्यांच्याकडे ऐप्पसीची म्हण आहे.

पुढे दिवाळी. नरकचतुर्दशीची पहाट, बाहेर धो धो. पोरांचे फटाके सादळलेले. मामींनी ते पत्र्याच्या डब्यात घालून चुलीच्या उबेला ठेवले होते. तुम्ही हे अजिबात करू नका, मी नुसतं सांगतेय! तर मामी आंघोळ करून वर आल्या आणि त्यांच्याकडच्या रीतीप्रमाणे सासूबाईंना विचारलं, “गंगास्नानम्‌ आच्चा?” म्हणजे, अभ्यंगस्नान झालं का? सासूबाईंना ऐकू आलं ‘अच्छा’. त्या उसळल्याच. “अच्छा कसलं डोंबलाचं! गाद्यांचं झालं की गंगास्नान!”

आता ह्यामागचं कारण, थोडक्यात. आपला पाऊस येतो नैऋत्येकडून. तो सह्याद्रीला थडकतो, इकडेच रिता होतो आणि पलीकडे कोरडा उतरतो. महाबळेश्वरला ५,००० मिलिमीटरच्या वर, आणि तीसेक किलोमीटरवरच्या वाईला हजारही नाही, ते ह्याच कारणानं. तमिळनाडू त्या पलीकडच्या बाजूला. ऑक्टोबरात वारे फिरतात, ईशान्येकडून येऊ लागतात, बंगालच्या उपसागरावरून पाणी उचलतात आणि तमिळ किनाऱ्यावर टाकतात. पुन्हा सांगते: आपला नैऋत्येचा, त्यांचा ईशान्येचा. आपला जूनमध्ये येतो, त्यांचा दसरा-दिवाळीला. चेन्नईचा निम्म्याहून जास्त पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरात पडतो. २०१५ सालचा तिथला मोठा पूर आठवा, तो डिसेंबरातलाच.

आणि जूनमध्ये कावेरी खोऱ्यातला शेतकरी काय करतो? मेट्टूर धरणाकडे बघतो. १२ जूनला तिथून पाणी सोडायचा रिवाज आहे. ते पाणी बरंचसं कर्नाटकातल्या कोडगूच्या डोंगरातलं, म्हणजे आपल्याच नैऋत्येच्या पावसाचं. तरी आपण अजून खालच्या सगळ्यांना मिळून ‘मद्रासी’ म्हणतो, त्याची मला भारी चीड आहे. असो.

बाकी देशाचं तर विचारूच नका. मेघालयात मॉसिनरामला वर्षाला ११,००० मिलिमीटरच्या वर, जैसलमेरला दोनशेच्या आसपास. देशाची जून ते सप्टेंबरची सरासरी ८७ सेंटीमीटर. सरासरी ऐकली की मला हसू येतं. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला आणि कुलाब्याला ७३. एकाच शहरात, एकाच दिवशी! काढा सरासरी. आणि टीव्हीवर तो गुडघाभर पाण्यात उभा केलेला बातमीदार, त्याला आधी कुणीतरी घरी पाठवा हो.

आम्ही परत आलो त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. मामींचं दिवाळीला पत्र यायचं, नंतर फोन यायला लागला. सासूबाई थकल्या होत्या, कानांनी कमी ऐकू यायचं, पण फोन त्यांच्याच हातात द्यावा लागे. तमीळ-मराठीतलं जे काय बोलणं व्हायचं ते व्हायचं, आणि मग त्या मोठ्यांदा विचारायच्या,

“काय, मृग लागला का तुमच्याकडे?”

नमस्कार.