ग्रास कटरला ब्लेड कुठलं लावायचं?

नमस्कार मंडळी. पाऊस थांबला की आपल्या बेळगावकडच्या खानापूर-जांबोटी पट्ट्यात वाटाच हरवतात बघा. मे महिन्यात काजूच्या बागेत ज्या वाटेनं चप्पल घालून गेलो, तिथं ऑक्टोबरात छातीएवढं गवत, मधेमधे रानमोडी, कडेला घाणेरी आणि बांधावरनं करवंदीची जाळी आत घुसलेली. पूर्वी चार माणसं कोयते घेऊन दोन दिवस झटायची, आता बऱ्याच घरात ग्रास कटर, म्हणजे लांब दांड्याच्या टोकाला ब्लेड फिरवणारं इंजिनाचं मशीन, आलाय. पण मशीनसोबत जे ब्लेड मिळालं तेच सगळीकडं फिरवायचं, ही आपली खोड.

मी पण तेच केलं. दुकानात सांगितलं ८० दात्यांचं घ्या, काय पण कापतंय. घेतलं आणि घातलं ओल्या गवतात. गवत काय कापेना, दांड्याला गुंडाळायला लागलं, दर दहा पावलांवर मशीन बंद करून बोटांनी ओढत बसलो. ८० दात्यांची चकती म्हणजे करवत हो. तिला लाकूड पाहिजे, अंगठ्यापेक्षा जाड घाणेरीचं खोड नाहीतर झुडपाचा बुंधा. जून गवत, रानमोडी, बारीक काटेरी फांद्या यांना तीन पात्यांचं ब्लेड बरं. आणि जांभ्याच्या गडग्याजवळ, नुसतं कोवळं गवत असेल तिथं नायलॉनची दोरी, दगडावर आपटली तर दोरीच झिजते, ब्लेडचा तुकडा उडून पायात तर घुसत नाही. चकतीचं मधलं भोक सहसा २५.४ मिमीचं असतं, पण आपल्या मशीनचं मोजूनच घ्या, ढिलं बसलं तर चकती डगमगते आणि हाताला मुंग्या येतात. नट बहुतेक मशीनवर उलट्या आट्यांचा असतो, म्हणजे सोडवायला घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवायचा, मी पहिल्या वेळी पान्यावर उभं राहून तो अजून घट्ट केलेला! आणि ब्लेडला हात लावायच्या आधी इंजिनाच्या स्पार्क प्लगची कॅप काढा, म्हणजे मशीन चुकून सुरू होत नाही, एवढं ऐकाच.

कापताना चकती वरनं बघितली तर घड्याळाच्या काट्याच्या उलट फिरते, म्हणून उजवीकडनं डावीकडं झोका घ्यायचा. चकती म्हणजे घड्याळाची तबकडी समजा, १२ आपल्या समोर, मग १२ ते ३ या भागात खोड लागलं की मशीन झटका देऊन अंगावर येतं. जाड खोड डाव्या बाजूनं, ८ ते ११ मध्ये घ्यायचं. गॉगल पाहिजेच, आणि १५ मीटरच्या आत कुणी पोरं उभी राहू देऊ नका, बघायला गर्दी करतातच ती.

पण मशीन सुरू करायच्या आधी काठी घेऊन एकदा वाटेनं चाला. बाटल्या, जुनी काटेरी तार, कधी फुरसं, सगळं गवतात दडलेलं असतंय. भीमगड अभयारण्याच्या बाजूची वाट असेल तर वनखात्याला विचारल्याशिवाय तर नकोच.

अजून एक, घाणेरी नुसती वरनं कापली तर बुडातनं दुप्पट फुटते. मुळाचा गड्डा खणूनच काढायला लागतो, आणि तोही फळं पिकून बुलबुलांनी बिया पसरवायच्या आत. आमच्या वाटेचे तीन बुडखे अजून राहिलेत, रविवारी कुदळ घेऊन जायचंय.