पाचव्या खेळाडूचा हिशेब

श्रोतेहो, नमस्कार.

गोल्फविषयी रेडिओवर बोलायचे म्हणजे थोडे धाडसच आहे. ज्या खेळात समोर उभे राहिलेल्या प्रेक्षकालाही उडालेला चेंडू धड दिसत नाही, तो खेळ नुसत्या आवाजातून कसा दाखवणार? पण आज मी फटक्यांविषयी फारसे बोलणार नाही. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचा मुलींचा गोल्फ संघ आणि त्याला घडवणाऱ्या प्रशिक्षक अ‍ॅन वॉकर यांच्या कारकिर्दीविषयी मला सांगायचे आहे. आणि त्यांच्या निमित्ताने एका जुन्या कोड्याविषयी, की मुळात एकेकट्याने खेळायच्या खेळात 'संघ' नावाची गोष्ट उभी राहते तरी कशी.

क्रिकेटमध्ये एकाने झेल सोडला तर गोलंदाजाचे नुकसान होते आणि कबड्डीत एकाने पकड सैल केली की सगळी साखळी तुटते. गोल्फमध्ये असे काहीच घडत नाही. पाच मुली पाच वेगवेगळ्या गटांत, प्रतिस्पर्धी संघांतल्या मुलींबरोबर चालत निघतात, आपापले अठरा होल, म्हणजे ज्यांत चेंडू घालायचा ते अठरा खड्डे, खेळतात आणि चार-पाच तासांनी परत येतात. मधल्या वेळात मैत्रीण पन्नास पावलांवर आहे की दोन टेकड्यांपलीकडे, हेही पुष्कळदा कळत नाही. तरीही संध्याकाळी फलकावर नाव लागते ते संघाचे.

हे नाव ज्या हिशेबाने लागते तो आधी सांगतो, कारण पुढची सगळी गोष्ट त्या हिशेबावर उभी आहे. संघातल्या पाच जणी खेळतात आणि त्यांतल्या सर्वांत कमी फटक्यांच्या चार जणींचीच बेरीज धरली जाते. समजा, एखाद्या दिवशी पाच जणींनी अनुक्रमे 70, 72, 73, 75 आणि 82 फटके घेतले, तर संघाची बेरीज होते 290, आणि 82 फटके घेणारी मुलगी दिवसभर उन्हात चालूनही हिशेबातून वगळली जाते. दुसऱ्या दिवशी मात्र कालच्या 70 वालीचाच हात बिघडतो, तिचे 79 फटके होतात आणि काल वगळलेली मुलगी 73 फटक्यांत घरी येऊन संघ सावरते. पाची बोटे सारखी नसतात हे आपण नेहमी म्हणतो. इथे तर आज कोणते बोट उपयोगी पडेल हेच ठाऊक नसते. त्यामुळे तेजस्वी खेळाडू मिळवणे हा प्रशिक्षकाच्या कामाचा अर्धाच भाग ठरतो, आणि माझ्या मते तो सोपा अर्धा भाग आहे. चौथी आणि पाचवी मुलगी किती चांगली आहे आणि वगळली गेल्यावर ती कोणत्या मनाने परत उभी राहते, यात खरी परीक्षा असते.

या संघांना आज जे वैभव आहे ते फार जुने नाही. 1972 साली अमेरिकेत 'टायटल नाइन' या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. केंद्र सरकारच्या पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत स्त्री-पुरुष भेद करता येणार नाही, असे त्याचे थोडक्यात म्हणणे. त्या 37 इंग्रजी शब्दांच्या वाक्यात खेळाचा उल्लेखही नाही, पण त्याच्या जोरावर मुलींचे संघ, शिष्यवृत्त्या आणि पगारी प्रशिक्षक आले. विद्यापीठीय खेळांचा कारभार पाहणाऱ्या एनसीएए या संघटनेने मुलींची पहिली राष्ट्रीय गोल्फ स्पर्धा 1982 साली भरवली. पुढे कित्येक वर्षे एका संघाला सहा पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत, आणि मुलांच्या संघाला साडेचार. हे साडेचार वाचून मी आधी गोंधळलो होतो. शिष्यवृत्तीचे तुकडे करून ती वाटता येते, हे नंतर कळले.

अ‍ॅन वॉकर मूळच्या स्कॉटलंडच्या, म्हणजे गोल्फच्या मायभूमीच्या. शिकायला आणि खेळायला त्या कॅलिफोर्नियात बर्कलीच्या विद्यापीठात आल्या, पुढे 2008 साली कॅलिफोर्नियातल्याच डेव्हिसच्या विद्यापीठाच्या महिला संघाच्या मुख्य प्रशिक्षक झाल्या आणि 2012 साली स्टॅनफर्डला गेल्या. नकाशावर बर्कली आणि स्टॅनफर्ड ही विद्यापीठे साठ-पासष्ट किलोमीटरच्या अंतरावर, एकाच उपसागराच्या दोन बाजूंना आहेत, पण त्यांचे वैर शंभर वर्षांहून जुने आहे. बर्कलीची माणसे स्टॅनफर्डचा लाल रंग अंगाला लावून घेत नाहीत, असे गमतीने म्हटले जाते. तेव्हा वॉकर यांचे हे जाणे म्हणजे नुसती नोकरी बदलणे नव्हते. माहेरच्यांसमोर सासरच्या बाजूने उभे राहण्यासारखे ते होते.

स्टॅनफर्डकडे काय नव्हते? 1930 साली सुरू झालेले स्वतःचे सुरेख मैदान होते. टॉम वॉटसन आणि टायगर वुड्स याच विद्यापीठातून खेळून पुढे गेले होते. मिशेल वी इथेच शिकली, पण ती आधीच व्यावसायिक खेळाडू झाल्यामुळे तिला संघात खेळता येत नव्हते. जगातली एक नामवंत गोल्फपटू वर्गात बसलेली आणि संघात मात्र नाही, अशी चमत्कारिक स्थिती होती. एवढे सगळे असून महिला संघाच्या नावावर एनसीएएचे एकही सांघिक विजेतेपद नव्हते. शिवाय तिथला प्रवेश कठीण. खेळ कितीही चांगला असला तरी अभ्यासात कच्च्या मुलीला तिथे जागा मिळत नाही, त्यामुळे प्रशिक्षकाला निवडीसाठी मिळणारी यादी इतरांपेक्षा आखूड असते.

वॉकर आल्या त्याच शरद ऋतूत जॉर्जिया राज्यातली मराइया स्टॅकहाउस ही मुलगी स्टॅनफर्डमध्ये दाखल झाली. 2013 च्या फेब्रुवारीत, पहिल्याच वर्षी, तिने घरच्या मैदानावरच्या स्पर्धेत 61 फटक्यांत फेरी संपवली, म्हणजे पारपेक्षा, त्या मैदानासाठी ठरवलेल्या फटक्यांपेक्षा, दहा कमी. अशी खेळाडू हाताशी असणे भाग्याचे, पण मघाशी सांगितलेल्या हिशेबाने पाहिले तर 61 हा पाचांतला एकच आकडा आहे.

2015 साली एनसीएएच्या राष्ट्रीय स्पर्धेचे स्वरूप बदलले. तोपर्यंत चार दिवसांच्या फटक्यांची बेरीज करून विजेता ठरत असे. आता बेरजेने पहिले आठ संघ निवडायचे आणि त्यांच्यात बाद पद्धतीने मॅच प्ले खेळवायचा असे ठरले. मॅच प्लेमध्ये फटक्यांची बेरीज नसते. एकीसमोर एक उभी राहते, जी होल जिंकेल तो तिचा, आणि पाच लढतींपैकी तीन जिंकणारा संघ पुढे जातो. म्हणजे ज्या पाचव्या मुलीचा आकडा काल वगळता येत होता, तिची लढत आता पहिल्या मुलीच्या लढतीइतक्याच मोलाची झाली.

त्या वर्षीची अंतिम लढत फ्लोरिडातल्या ब्रॅडेंटन इथल्या कन्सेशन गोल्फ क्लबवर स्टॅनफर्ड आणि टेक्ससच्या बेलर विद्यापीठात झाली. बेरजेत स्टॅनफर्ड पहिले नव्हते. जुनाच नियम असता तर त्यांची गोष्ट तिथेच संपली असती. इतर लढती संपून गुणसंख्या दोन-दोन झाली आणि मैदानावर एकच जोडी उरली, स्टॅकहाउस आणि बेलरची हेली डेव्हिस. दोन होल शिल्लक होते आणि स्टॅकहाउस दोन होलांनी मागे होती. यापुढे एक होल नुसता बरोबरीत सुटला असता तरी सामना हातचा गेला असता. तिने सतरावा होल जिंकला, अठरावाही जिंकला आणि जादा खेळवलेल्या एकोणिसाव्या होलवर विजेतेपद स्टॅनफर्डकडे आले.

अशा वेळी प्रशिक्षक काय करतो, हे इथे सांगायला हवे, कारण विद्यापीठीय गोल्फचे हे एक वेगळेपण आहे. व्यावसायिक खेळाडूबरोबर कॅडी असतो, तो बॅग उचलतो आणि कानात दोन गोष्टी सांगतो. इथे कॅडी नसतो. मुली आपली बॅग स्वतः खांद्यावर घेतात किंवा ढकलगाडीवर ठेवून चालवतात. मात्र प्रशिक्षकाला मैदानावर त्यांच्याशी बोलण्याची मुभा असते. पाच जणी पाच ठिकाणी आणि प्रशिक्षक एक, फार तर बरोबर एखादा सहायक. अशा वेळी कुठे उभे राहायचे, हाच मोठा निर्णय असतो. पुष्कळ प्रशिक्षक पार-तीनच्या एखाद्या होलपाशी थांबतात. तिथे पहिल्याच फटक्यात चेंडू ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या आखूड गवतावर, पडायला हवा असतो, वाऱ्यात कोणता क्लब, म्हणजे कोणती काठी, घ्यायचा हा प्रश्न तिथे सर्वांत कठीण असतो आणि पाचही जणी एकामागून एक तिथून जातात. पहिल्या मुलीच्या वेळी वारा किती होता हे तिसरीला सांगता येते. तेवढ्या दोन मिनिटांत मुलीच्या चेहऱ्याकडे पाहून ठरवायचे, की हिला वाऱ्याविषयी सांगायचे, की डब्यातले सँडविच खाल्लेस का एवढेच विचारायचे. मला तर या धंद्यातले सगळ्यात अवघड कौशल्य हेच वाटते. चुकीच्या वेळी दिलेला बरोबर सल्लाही फटका बिघडवतो.

पुढच्या काही वर्षांत वॉकर यांच्या संघात एकीहून एक सरस मुली येत गेल्या. रेचल हेक 2021 साली पहिल्याच वर्षी वैयक्तिक राष्ट्रीय विजेती झाली. पाठोपाठ रोझ झँग आली. दोन वर्षांत ती वीस स्पर्धा खेळली आणि त्यांतल्या बारा जिंकली. स्टॅनफर्डमध्ये टायगर वुड्सच्या नावावर अकरा होत्या. 2022 आणि 2023 अशी लागोपाठ दोन वर्षे ती वैयक्तिक विजेती ठरली, आणि दोन वेळा हे पद मिळवणारी ती पहिलीच महिला. जून 2023 मध्ये व्यावसायिक म्हणून खेळलेली पहिलीच स्पर्धा तिने जिंकली. एलपीजीए या महिलांच्या व्यावसायिक गोल्फ संघटनेच्या स्पर्धांत असे 1951 नंतर प्रथमच घडत होते.

आता संघाचा हिशेब पाहा. 2022 साली ॲरिझोनातल्या ग्रेहॉक मैदानावर स्टॅनफर्डने ओरेगन विद्यापीठाला तीन-दोन असे हरवून दुसरे सांघिक विजेतेपद मिळवले. 2023 साली त्याच मैदानावर झँग पुन्हा वैयक्तिक विजेती झाली, पण संघ उपान्त्य फेरीत सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाकडून हरला. मग झँग गेली. विद्यापीठीय गोल्फने पाहिलेली बहुधा सर्वश्रेष्ठ खेळाडू संघात नव्हती, आणि त्या 2024 साली कॅलिफोर्नियातल्या ला कोस्टा इथे स्टॅनफर्डने यूसीएलएला, म्हणजे लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाला, तीन-दोन असे नमवून तिसरे विजेतेपद घेतले. एकटीच्या बळावर संघ उभा असता तर हे झाले नसते. पाच लढतींत एकटी कितीही मोठी असली तरी तिचा गुण एकच. बाकीचे दोन इतर चौघींकडूनच यावे लागतात.

रेचल हेकविषयी थोडे अधिक सांगायला हवे. दुखापती आणि शस्त्रक्रिया यांनी तिची मधली वर्षे खाल्ली. त्यातच शिकत असताना ती अमेरिकन हवाई दलाचे अधिकारी-प्रशिक्षण घेत होती. पहाटेची कवायत, मग वर्ग, मग सराव. 2024 साली, जिला व्यावसायिक होण्यासाठी सगळी दारे उघडी होती अशा या मुलीने आपण व्यावसायिक गोल्फ खेळणार नाही असे जाहीर केले आणि पदवीनंतर ती हवाई दलात अधिकारी झाली. आपल्याकडच्या क्रीडा-पालकांच्या हिशेबात हे बसणार नाही. राष्ट्रीय विजेती झालेली मुलगी खेळ सोडून गणवेश घालते, म्हणजे प्रशिक्षकाचे कष्ट वाया गेले असेच अनेक जण म्हणतील. मला तसे वाटत नाही. जिच्या संघात रोझ झँग व्यावसायिक झाल्यावरही पदवीचा अभ्यास चालू ठेवते आणि हेक हवाई दलात जाते, त्या प्रशिक्षकाकडे खेळापलीकडचे बोलणे होत असले पाहिजे, एवढे नक्की.

याच संघात न्यू जर्सीत वाढलेली, भारतीय वंशाची मेघा गन्नेही खेळली. 2021 च्या यूएस विमेन्स ओपनमध्ये, शाळकरी वयात, पहिल्या दिवसाअखेर ती संयुक्तपणे आघाडीवर होती. आपल्याकडच्या अनेकांनी तिचे नाव तेव्हाच पहिल्यांदा ऐकले.

आणि मग 2025 साल आले. पुन्हा ला कोस्टा. चार दिवसांच्या बेरजेत स्टॅनफर्ड दुसऱ्या क्रमांकाच्या संघापेक्षा 21 फटक्यांनी पुढे होते. गोल्फमध्ये 21 फटके म्हणजे क्रिकेटमधला डावाचा विजय समजा. जुन्या पद्धतीने करंडक तिथेच हातात पडला असता. पण मॅच प्लेमध्ये आधीचे सगळे पुसले जाते. अंतिम लढतीत शिकागोजवळच्या, हिवाळ्यात मैदान बर्फाखाली जाणाऱ्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने स्टॅनफर्डला तीन-दोन असे हरवले आणि आपले पहिले विजेतेपद मिळवले. दहा वर्षांपूर्वी ज्या नियमाने स्टॅनफर्डला पहिला करंडक दिला, त्याच नियमाने हा काढून घेतला. त्या नियमावर अजून वाद होतात. बेरजेचा न्याय खरा की समोरासमोरचा, यावर मलाही मन ठाम करता आलेले नाही. त्याच ऑगस्टमध्ये ओरेगनमधल्या बॅंडन ड्यून्सवर मेघा गन्नेने यूएस विमेन्स अमॅच्युअर ही हौशी खेळाडूंची स्पर्धा जिंकली. ती स्पर्धाही मॅच प्लेचीच, पण तिथे दुसऱ्या चौघींचा हिशेब नसतो.

विद्यापीठाचे नवे वर्ष शरदात सुरू होते. स्पर्धेला पाचच जणी जातात आणि संघात त्यांहून अधिक मुली असतात, म्हणून बहुतेक संघांत पहिल्या स्पर्धेआधी आपसातच पात्रता फेऱ्या खेळवल्या जातात. घरचेच मैदान, प्रेक्षक नाहीत, फलक नाही. पहिल्या दोन-तीन जागा जवळजवळ ठरलेल्या असतात. नुकतीच आलेली अठरा वर्षांची मुलगी आणि चौथ्या वर्षाची तिची मैत्रीण एकाच गटात बॅगा घेऊन निघतात, आणि दोघींची नजर एकाच जागेवर असते: पाचव्या.

नमस्कार.