जुनी जीप, थोडका पैसा आणि खालून सुरुवात

नमस्कार श्रोतेहो.

नाशिकमध्ये जुनी जीप शोधायला लांब जावं लागत नाही. गिरणारे, दिंडोरी, निफाड, पिंपळगाव, कुठल्याही द्राक्षमळ्याच्या वाटेला लागा. शेडच्या मागे एखादी उभी असतेच. टायर बसलेले, सीटचा फोम उंदरांनी नेलेला, बॉनेटवर पाला साचलेला. मालकाला विचारलं तर तो सांगतो, "चालूच आहे, फक्त बॅटरी टाकायची." कधीकाळी ह्याच गाडीनं औषधाचे ड्रम वाहिले, मजूर आणले, चिखलात रुतलेला ट्रॅक्टर ओढून काढला. नंतर घरात पिकअप आली आणि जीप मागे पडली.

ही गाडी भंगारात जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. स्वातंत्र्याच्या सुमारास विलीजची जीप महिंद्रांनी आपल्याकडे जोडायला घेतली. तिथून सीजे ३बी आली आणि ऐंशीच्या दशकात एमएम ५४० आली. ५४०मध्ये पूजो कंपनीच्या आराखड्यावरचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन होतं. तिच्यात ना कॉम्प्युटर, ना सेन्सर. पाना, हातोडी आणि डोकं शाबूत असेल तर ती उघडता येते आणि परत जोडताही येते. नोकरदार माणसाला, शेतकऱ्याला, कॉलेज संपवून नुकत्याच कामाला लागलेल्या पोराला झेपेल अशी फोर बाय फोर आज हीच आहे. मात्र खर्चाचा क्रम नीट लावायला हवा. आज बोलायचं आहे ते ह्या क्रमाबद्दल.

बहुतेक लोक रंगापासून सुरुवात करतात. ऑलिव्ह ग्रीन मारतात, मोठे टायर चढवतात, पुढे विंच, म्हणजे रुतलेली गाडी ओढून काढायचा रहाट, लटकवतात. पैसे तिथेच संपतात आणि ब्रेक जुनेच राहतात. माझा हिशेब उलटा आहे. खर्चायला शंभर रुपये असतील तर त्यातले साठ गाडीच्या खाली जावेत: ब्रेक, स्टिअरिंग, हब म्हणजे चाकाचा मधला भाग, पाटे म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, आणि टायर. मग इंजिन, मग वायरिंग. रंग सगळ्यात शेवटी, आणि उरलेल्या पैशांत बसेल तसा.

त्याही आधी कागद. आरसी बुकावरचा चेसिस नंबर आणि चेसिसवर ठोकलेला नंबर स्वतः जुळवून बघा. गंज खरवडून नंबरावर कागद धरा आणि वरून पेन्सिल घासा, आकडे उमटतात. इंजिन नंबरही बघा, कारण चाळीस वर्षांत इंजिन बदललेलं असणं अगदी शक्य आहे आणि ते बुकात चढवलेलं नसणंही तितकंच शक्य आहे. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा उतरलेला आहे का, ते विचारा. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी नव्यानं करावी लागते. तिची फी एप्रिल २०२२ पासून पाच हजार झाली आणि वीस वर्षांपुढच्या चारचाकीसाठी २०२५ मध्ये दहा हजार. शिवाय आपल्या राज्याचा पर्यावरण कर. गाडीची किंमत ठरवताना ही रक्कम आधीच वजा धरा. आणि "दुसरं कुठलंही इंजिन बसवू, नोंद मागाहून करू" असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ अशा बदलांना परवानगीशिवाय मुभा देत नाही. कागद अडले तर गाडीवर घातलेला सगळा खर्च अंगणात उभा राहतो.

आता गाडी बघायला जाऊ. सकाळी लवकर जा आणि इंजिन आधी चालू करून ठेवू नका असं मालकाला सांगून ठेवा. डिझेल इंजिनाची खरी तब्येत थंड असतानाच कळते. हीटर प्लग तापवून किती वेळात उचलतं ते पाहा. सुरुवातीचा थोडा पांढरा धूर चालतो, पण इंजिन तापल्यावरही निळसर धूर राहिला तर ऑइल जळतंय. मग ऑइल भरायचं झाकण सैल करा. तिथून धूर भकाभका येत असेल तर तेच ते बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टनचं आणि तो ज्या नळीत चालतो त्या लायनरचं काम निघालं. एवढ्यावरून गाडी सोडून देऊ नका. ५४०च्या इंजिनाचे लायनर बदलता येतात आणि महिंद्रांच्याच कमांडरच्या काही गाड्यांमध्येही हेच इंजिन असल्यामुळे सामान अजून मिळतं. फक्त किंमत तेवढी खाली आली पाहिजे.

खिशात एक छोटं लोहचुंबक ठेवा. बॉडीवर फिरवत जा. पत्र्याला ते टक्कन चिकटतं आणि पुट्टीवर सुटून पडतं. दरवाजाच्या उंबऱ्यापाशी, मागच्या चाकांच्या वर, सीटखालच्या पेटीत, ह्या जागा हमखास सडलेल्या असतात. ते सुधारता येतं. चेसिसचं मात्र वेगळं. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं चेसिस ठोकत जा, पाटे जिथे अडकतात ते हँगर आणि स्टिअरिंग बॉक्सची जागा तर सोडूच नका. खणखणीत आवाज आला पाहिजे. बद्द वाजलं, पापुद्रे सुटले, किंवा स्टिअरिंग बॉक्सजवळ वेल्डिंगवर वेल्डिंग दिसलं तर कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

पुढच्या चाकांपाशी मी जरा जास्त थांबणार आहे, कारण जुन्या जीपवरचा विश्वास उडतो तो इथेच. पन्नासच्या वेगाला स्टिअरिंग थडथडायला लागतं, गाडी रस्ता सोडू बघते आणि गॅरेजवाला सांगतो, "जीप अशीच असते." अशी नसते. पुढचं एक चाक जॅकवर उचला. चाक वरून आणि खालून दोन्ही हातांनी धरा आणि आत-बाहेर हलवा. चाल लागली तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर चाल गेली तर व्हील बेअरिंग ढिलं आहे. ब्रेक दाबूनही चाल राहिली तर किंगपिनचं, म्हणजे ज्या खुंटीवर पुढचं चाक वळतं तिचं, बेअरिंग संपलंय. मग चाक उजव्या-डाव्या बाजूला धरून हलवा, आता टाय-रॉडचे, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र वळवणाऱ्या दांड्याचे, एंड बोलतील. ह्या तपासणीला एक पैसा लागत नाही. किंगपिनचं काम करताना मिस्त्रीला शिम मोजून बसवायला लावा. घट्ट झालं तर स्टिअरिंग जड होतं, सैल राहिलं तर थडथड परत येते. वरच्या टोपीखाली पातळ पातळ पत्र्याच्या चकत्या असतात, त्यातली एक काढल्यानं किंवा घातल्यानं सबंध गाडीची चाल बदलते. हे हातानं अनुभवण्यासारखं आहे.

ब्रेकमध्ये काटकसर नाही. रबरी होज, व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडरची किट हे सगळं नवं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, म्हणून वर्षानुवर्षं उभ्या गाडीचे सिलिंडर आतून गंजलेले असतात. जुन्या सीजे ३बीमध्ये ब्रेकची एकच लाइन असते, कुठेही गळती झाली की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. आणि तिचा हँडब्रेक चाकांवर नसतो. ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी पेटी, तिच्या मागच्या ड्रमवर तो लागतो आणि मागच्या शाफ्टमधून चाकं धरतो. त्या शाफ्टचा क्रॉस, म्हणजे सांधा, तुटला तर हँडब्रेक ओढून काही उपयोग नाही. चढावर गाडी लावून जेवायला बसणाऱ्यांनी मागच्या चाकाला दगड लावावाच.

फोर बाय फोर चालते का, हे विचारू नका, बघा. डिझेल वाचवायला म्हणून पुढचा शाफ्ट काढून ठेवलेल्या जीपा खूप आहेत. आणि पुढचा-मागचा डिफरन्शियल, म्हणजे शाफ्टची ताकद दोन चाकांना देणारा एक्सलमधला गिअरचा गोळा, वेगवेगळ्या गाड्यांचा बसवलेला असेल तर दोघांचा रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे, तो जुळत नाही, चार चाकं जोडली की गिअर एकमेकांशी भांडतात. हे तपासायची रीत सोपी आहे. गाडी न्यूट्रलला घ्या, हँडब्रेक सोडा, पण दुसऱ्या एक्सलच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा. ज्या एक्सलचा रेशो मोजायचा त्याचं एका बाजूचं चाक जमिनीवर राहू द्या, दुसरं उचला. शाफ्टवर खडूनं रेघ मारा. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि शाफ्ट किती फेरे फिरला ते मोजा. तोच तुमचा रेशो. पुढे आणि मागे आकडा सारखा आला पाहिजे.

आपण नाशिककर आहोत ह्याचा फायदा आता येतो. सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत सुटे भाग बनवणाऱ्यांच्या पिढ्या गेल्या. शॅकलचा, म्हणजे पाट्याच्या टोकाच्या कडीचा, बुश मिळत नाही? जुना बुश आणि पिन घेऊन जा, लेथवाला गनमेटलमध्ये करून देतो. ड्रमला खाचा पडल्यात? टर्निंग होतं. पत्र्याच्या कामाला मात्र साधा आर्क वेल्डर नको, पातळ पत्रा जळून भोकं पडतात. सीओटू वेल्डिंगवाला गाठा, आणि वेल्डिंगच्या आधी बॅटरीची वायर काढा. सडलेला भाग कापून तिथे नवा पत्रा लावा. सडक्यावर पट्टी मारली तर दोन पावसाळ्यांत गंज परत वर येतो.

पाटे सगळे नवे घ्यायची गरज नसते. मोडका पाटा तेवढा बदलायचा, बाकीच्यांना कमान देऊन घ्यायची, बुश नवे टाकायचे. हूड आणि सीट इथेच शिवून मिळतात. वायरिंगचा गुंता सोडवत बसण्यापेक्षा सगळं उपटून नवं टाकणं स्वस्त पडतं, जीपला सर्किटंच मोजकी. फक्त प्रत्येक सर्किटला फ्यूज हवा. जुन्या जीपला आग लागते ती बहुतेक वेळा उघड्या, घासलेल्या वायरमुळे.

टायर घेताना बाजूवरचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी नवी कोरी दिसत असली तरी दहा वर्षं उन्हात पडलेला टायर घेऊ नका. आणि मूळ सोळा इंची अरुंद मापाला हिणवू नका. चिखल कापून खालच्या घट्ट जमिनीपर्यंत तो पोचतो, स्टिअरिंग हलकं राहतं आणि ब्रेकवर ताण येत नाही.

गाडी तयार झाली की थेट कसारा घाट किंवा हरसूलचं जंगल नको. आधी गंगापूर धरणापर्यंत जाऊन या. उतरल्याबरोबर चारही हबना हात लावा. एखादा चटका देईल इतका तापला असेल तर तिथलं बेअरिंग घट्ट आहे किंवा ब्रेक अडकतोय. पाट्यांचे यू-बोल्ट दोन-तीनशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळा, नवे बोल्ट बसताना सैल होतातच. डांबरी रस्त्यावर फोर व्हील लावू नका. मधला डिफरन्शियल ह्या गाडीत नाही, वळणावर पुढची-मागची चाकं वेगळं अंतर कापतात आणि तो ताण शाफ्टवर येतो.

पावसाळ्यात त्र्यंबक, वैतरणा, इगतपुरीकडे निघालात आणि ओहोळ आडवा आला तर आधी पायी उतरून तळ बघा. पाणी वाहतं असेल आणि तळ दिसत नसेल तर मागे फिरा. पाण्यातून गेल्यावर पुढच्या थोड्या रस्त्यावर ब्रेक हलके दाबत चला, म्हणजे लायनिंग सुकतं. तापलेला डिफरन्शियल गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढलं जातं. म्हणून घरी आलात की दुसऱ्या दिवशी डिफरन्शियलचा नट खोलून बोट घाला. तेल दुधाळ दिसलं तर त्याच दिवशी बदला.

नमस्कार.