तीन रॉबर्ट आणि एक थडगं

मंडळी, स्कॉटलंडचा थोर कवी रॉबर्ट बर्न्सचं नाव तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. आज बोलायचं आहे ते बर्न्स ज्याला आपला थोरला भाऊ म्हणायचा त्या कवी रॉबर्ट फर्गसनबद्दल, आणि मुख्य म्हणजे त्याच्या थडग्याबद्दल.

फर्गसन एडिनबरोचा, म्हणजे स्कॉटलंडच्या राजधानीचा. १७५० साली जन्मला आणि १७७४ साली, चोविसाव्या वर्षी गेला. पोटासाठी एका कचेरीत दस्तऐवजांच्या नकला करायचा आणि उरलेल्या वेळात कविता लिहायचा. त्या कवितांत काय होतं? शहरातल्या अरुंद गल्ल्या, गुत्ते, जवळच्या लीथ बंदरातल्या घोड्यांच्या शर्यतींना लोटलेली गर्दी, शेतकऱ्याच्या घरची संध्याकाळ. आणि हे सगळं स्कॉट्समध्ये, म्हणजे तिथल्या लोकांच्या इंग्रजीहून वेगळ्या बोलीभाषेत. त्या काळी एडिनबरोचे विद्वान आपल्या इंग्रजीत चुकून एखादा स्कॉट्स शब्द येऊ नये म्हणून डोळ्यांत तेल घालून बसलेले असत. त्यांच्याच शहरात हा पोरगा त्याच भाषेत लिहीत होता, आणि लोक साप्ताहिकात ते आवडीनं वाचत होते.

पुढे मन ढळलं. त्यातच जिन्यावरून पडून डोक्याला मार लागला. घरी सांभाळणं आईला जमेना, तेव्हा वेड्यांच्या कोठडीत नेऊन ठेवलं. तिथेच १६ ऑक्टोबर १७७४ रोजी तो गेला. कॅननगेट चर्चच्या आवारात त्याला पुरलं. वर दगड नाही, नाव नाही.

बारा वर्षांनी, १७८६च्या अखेरीस, बर्न्स एडिनबरोत आला. पहिल्या पुस्तकानं नाव झालं होतं, बड्या घरांतून बोलावणी येत होती. अशा दिवसांत, ६ फेब्रुवारी १७८७ला, त्यानं कॅननगेटच्या व्यवस्थापकांना अर्ज लिहिला. मला तो अर्ज फार महत्त्वाचा वाटतो. एवढा मोठा कवी तुमच्या आवारात बेदखल पडला आहे याचं वाईट वाटतं, असं तो सुरुवातीला म्हणतो. मग एक साधा दगड बसवायची परवानगी मागतो. आणि पुढे खरी मागणी येते: ही जागा कवीच्या कीर्तीची कायमची मालमत्ता राहावी, ती कुणाला काढून घेता येऊ नये.

इथे जरा थांबू. दगड काय, पैसे टाकले की बसतो. पण चर्चच्या आवारात जागा अपुरी, आणि जिथे कुणी हक्क सांगत नाही तिथे उद्या दुसरं कुणी पुरलं जाणार, हे बर्न्सला कळत होतं. म्हणून त्यानं जागेचा हक्क मागितला. २२ फेब्रुवारीला मंजुरी मिळाली, आणि ती मंजुरीच दगडाच्या मागच्या बाजूला कोरली: व्यवस्थापकांनी रॉबर्ट बर्न्सला दिलेल्या खास परवानगीनं ही जागा फर्गसनच्या स्मृतीसाठी कायम राखून ठेवली आहे. पुढच्या बाजूच्या चार ओळी सुंदर आहेत. इथे संगमरवर नाही, पुतळा नाही, हा साधा दगड स्कॉटलंडला तिच्या कवीच्या मातीपर्यंत वाट दाखवतो, असा त्यांचा भाव. पण थडगं टिकलं ते मागच्या मजकुरामुळे, असं माझं स्पष्ट मत आहे.

काम रॉबर्ट बर्न (बर्न्स नव्हे) नावाच्या वास्तुविशारदाकडे होतं. दगड उभा राहायला दोन वर्षं लागली. बिल साडेपाच पौंडांचं, आणि ते फेडायला बर्न्सलाही दोन वर्षं लागली. दोघांची फिटंफाट झाली, असं त्यानं पैसे पाठवताना पत्रात लिहिलं. कवीनं कवीसाठी काढलेलं हे कर्ज होतं. सरकार नाही, कुणी धनिक नाही. दगडावर जन्मसाल १७५१ आहे, म्हणजे एका वर्षानं चुकलेलं. ते तसंच राहू द्यावं. ती चूकही आता त्या दगडाच्या इतिहासाचा भाग झाली आहे.

आपल्या गोष्टीतला तिसरा रॉबर्ट म्हणजे ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणारा लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन. हाही एडिनबरोचाच, तब्येतीनं कायम नाजूक. फर्गसन माझ्यात जगतो आहे असं वाटतं, असं त्यानं लिहून ठेवलं आहे. १८९४च्या मे महिन्यात, हजारो मैलांवरच्या सामोआ बेटांवरून, त्यानं वकील मित्र चार्ल्स बॅक्स्टरला पत्र लिहिलं. दगडाची डागडुजी माझ्या खर्चानं करू, आणि त्यावर लिहू की एडिनबरोच्या एका पोरानं दुसऱ्या पोराला दिलेली ही भेट आहे. अक्षरं कशी कोरायची हेही त्यानं कळवलं: फर्गसन आणि बर्न्स ही नावं सुटी, उठून दिसतील अशी, माझं नाव मजकुरातच राहू दे. डिसेंबरात तो सामोआतच वारला. मनातलं काम राहून गेलं. आज थडग्यापाशी त्याच्या या इच्छेची नोंद करणारी पाटी आहे, आणि २००४पासून चर्चच्या दाराबाहेर रस्त्यावर, हातात पुस्तक घेऊन लगबगीनं निघालेल्या फर्गसनचा पुतळा आहे.

आता आणखी एक नाव. स्मारकांच्या गप्पांत ते मागे पडतं म्हणून आवर्जून घेतो. डॉक्टर अँड्र्यू डंकन. फर्गसनला शेवटच्या दिवसांत त्यांनी पाहिलं होतं. त्या कोठडीतले हाल त्यांच्या मनातून गेले नाहीत. वेड लागलेल्या माणसाला माणसासारखं वागवणारी जागा शहरात हवी, यासाठी ते वर्षानुवर्षं खटपट करत राहिले. वर्गणी जमेना, तरी सोडलं नाही. शेवटी १८१३ साली, फर्गसन गेल्यावर एकोणचाळीस वर्षांनी, मॉर्निंगसाइडला ते रुग्णालय उघडलं. रॉयल एडिनबरो हॉस्पिटल या नावानं ते आजही मनोरुग्णांवर उपचार करतं. कॅननगेटला जाणाऱ्यानं तिथेही जावं.