फिट बसली म्हणजे चालेलच असं नाही

नमस्कार मंडळी. आज वायरींबद्दल बोलूया. प्रत्येक घरात एक पिशवी असते बघा, काळ्या पॉवर कॉर्डचा नुसता गुंता, प्रिंटरची कुठली, मॉनिटरची कुठली, कोणालाच आठवत नाही.

गेल्या चवथीला आम्ही फोंड्याहून गावच्या घरी गेलो, माणसं वीसेक, मोठा राईस कुकर आठवणीने नेला आणि नेमकी त्याची वायर विसरली. तिथे कॉम्प्युटरची जुनी वायर होती, लावून बघितली तर फिट्ट बसली. भात चढवला. थोड्या वेळाने वहिनी म्हणाली, भावोजी, कसलातरी वास येतोय, आणि मी हात लावला तर वायर चांगलीच तापलेली, मऊ पडलेली. छातीत धस्स झालं, पोरं तिथेच खेळत होती हो!

मॉनिटर ओढतो तीस-चाळीस वॅट आणि कुकर १००० वॅट, त्याला २३० व्होल्टने भागा, सव्वाचार अँपच्या वर जातं. तोंड दोघांचं सारखंच, त्याला सी-१३ म्हणतात, पण आतलं तांबं किती जाड आहे ते तोंडावरून कसं कळणार? ते वायरच्या अंगावर बारीक अक्षरात असतं, ३ × ०.७५ वगैरे, म्हणजे तीन तारा, प्रत्येक पाऊण चौरस मिलिमीटरची, आणि प्लगवर ६ अँप की १६ ते असतं. आमच्या त्या वायरवर काहीच छापलेलं नव्हतं. अशी वायर तापणाऱ्या वस्तूला लावूच नका. उलट कुकरची जाड वायर मॉनिटरला लावली तर काही बिघडत नाही.

अडॅप्टरचं वेगळं. तिथे व्होल्ट तंतोतंत तेच हवेत, अँप तेवढेच किंवा जास्त चालतात, आणि अडॅप्टरवर छापलेल्या गोल पिनच्या चित्रात प्लस आत आहे की बाहेर तेही जुळायला हवं. राउटर १२ व्होल्टचा आणि पिन बसते म्हणून लॅपटॉपचा १९ व्होल्टवाला लावला, तर राउटर गेलाच समजा.

आणि दोन पिनांचा सॉकेट आहे म्हणून तिसरी जाड पिन कापू नका हं, प्लीज. ती अर्थिंगची. आपल्याकडे पावसात फरशीला घाम येतो, अनवाणी पायाने आपण लोखंडी बॉडीच्या मशीनला हात लावतो, आत करंट उतरला असेल तर तो त्या पिनेतून जायला हवा, आपल्या अंगातून नाही.

आमच्या कुकरची वायर आता कुकरच्या कानालाच सुतळीने बांधून ठेवलीय.